कामगारांचे गिरी आणि पार्वतीपुरमची खुली जागा

व्ही. व्ही. गिरी म्हटले की कामगारांचे राष्ट्रपती हीच ओळख पुढे येते. ती खोटी नाही. १८९४ साली बेरहामपूरला जन्मलेले गिरी कायदा शिकायला आयर्लंडला गेले आणि तिथल्या स्वातंत्र्यलढ्याशी संबंधाच्या संशयावरून १९१६ ला त्यांना देश सोडावा लागला. परतल्यावर ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांत शिरले. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या संस्थापकांत ते होते, आयटकचे दोनदा अध्यक्ष झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते, तर गिरी कामगारांचे. १९३७ ला त्यांनी बोब्बिलीच्या राजालाच निवडणुकीत पाडले. १९५२ ला केंद्रात कामगारमंत्री झाले. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेला अपील न्यायाधिकरणाचा निवाडा सरकारने बदलला, तेव्हा १९५४ मध्ये मंत्रिपद सोडून मोकळे झाले. असे मंत्री किती निघाले?

परंतु चरित्रकार १९५७ वरून घाईने पुढे जातात. आम्ही तिथेच थांबणार आहोत.

पार्वतीपुरम हा दोन जागांचा लोकसभा मतदारसंघ होता. एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, दुसरी खुली. आधी राखीव जागा भरायची, मग उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याची मते जास्त तो खुल्या जागेवर. मते मोजली आणि दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले. खुल्या जागेवर सुरी दोरा आले, गिरी पडले. कामगारांच्या या नेत्याने काय करावे? आदिवासीला खुली जागा मिळूच शकत नाही, असा दावा त्यांनी लावला! शिवाय सुरी दोरा आता आदिवासी उरलेलेच नाहीत, क्षत्रिय झालेत, हेही मांडले. तोवर गिरी उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले होते, तरी खटला सुरूच राहिला. १९५९ ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने गिरींचे अपील फेटाळले. खुली जागा सर्वांची असते, उच्चवर्णीयांसाठी राखीव नसते, हे तेव्हा ठरले. नोकऱ्यांच्या बाबतीत हेच तत्त्व १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातही मान्य झाले. तरीही गुणवत्तेवर खुल्या जागी आलेल्या आपल्या मुलांना राखीव यादीत ढकलण्याचे उद्योग आम्ही वकिलीत पाहिले आहेत. आणि दोन जागांचे मतदारसंघ? ते १९६१ ला कायदा करून मोडीतच काढले.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९ जुलै १९६९ ला हंगामी राष्ट्रपती म्हणून बँक राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही, दुसऱ्या दिवशी राजीनामा आणि संजीव रेड्डींना हरवून राष्ट्रपतिपद.

मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा संप झाला. फर्नांडिस हे त्याच रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. हजारो कामगार तुरुंगात गेले, बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढले गेले. वीस दिवसांत संप मोडला. राष्ट्रपती गिरीच होते. ऑगस्टमध्ये मुदत संपवून ते निवृत्त झाले आणि जून १९८० मध्ये मद्रासला वारले.