शब्दाला जागलेला माणूस : फ्रेडरिक श्वार्ट्झ

युद्ध रणांगणावर लढले जाते, असे आपण म्हणतो. परंतु रणांगणावरच्या सैनिकाला रोज अन्न लागते. ते अन्न शेतकरी पिकवतो, व्यापारी साठवतो आणि वाहतूक करणारा ते पोहोचवतो. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी जवानाबरोबर किसानाचाही जयजयकार केला आणि देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने. युद्धकाळात धान्य गोळा करण्यासाठी पैसा लागतो, बैल आणि गाड्या लागतात. परंतु त्याआधी लोकांचा विश्वास लागतो. तो नसेल तर काय होते आणि असेल तर काय साधते, हे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी राज्याने अनुभवले. त्या प्रसंगाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या फ्रेडरिक श्वार्ट्झ यांची ही जीवनकथा आहे.

ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोनेनबुर्ग या गावी झाला. हाले येथील विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी तमिळ भाषेचा अभ्यास सुरू केला. १७५० मध्ये ते धर्मप्रसारक म्हणून कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत उतरले. त्यानंतर ते मायदेशी कधीही परतले नाहीत. त्यांनी विवाह केला नाही. तरंगंबाडीहून ते तिरुचिरापल्लीला गेले आणि पुढे तंजावरला स्थायिक झाले. तमिळप्रमाणेच फारसी, हिंदुस्थानी आणि तंजावर दरबाराची मराठी या भाषाही ते शिकले. त्यामुळे राजाशी असो की शेतकऱ्याशी, त्यांना दुभाष्याची गरज पडत नसे.

तंजावरला त्या वेळी भोसले घराण्याचे राज्य होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते स्थापन केले होते. राज्य लहान, पण जमीन अतिशय सुपीक. तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटर उत्तरेस कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. पाच पवित्र नद्यांचे स्थान असा त्याच्या नावाचा अर्थ सांगतात. थोर संगीतकार त्यागराज यांचे बहुतेक आयुष्य याच गावी गेले. तंजावर आणि तिरुवैयारु यांच्या दरम्यान कावेरीचे अनेक प्रवाह आडवे लागतात आणि त्यांच्या पाण्यावर दूरवर भाताची शेते पसरलेली आहेत. ज्याच्या हाती हा मुलूख, त्याच्या सैन्याची पोटाची चिंता मिटली, असा हिशेब दक्षिणेतील प्रत्येक सत्ता करीत असे. सुपीकता हेच या राज्याचे वैभव होते आणि तेच त्याच्या संकटांचेही कारण ठरले.

१७६३ मध्ये तुळजाजीराजे गादीवर आले. अर्काटचा नबाब महंमद अली याने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या मदतीने १७७३ मध्ये तंजावर जिंकले आणि राजांना कैद केले. तीन वर्षांनी कंपनीने राज्य परत दिले. परंतु किल्ल्यात कंपनीची फौज राहिली आणि तिच्या खर्चाचा बोजा राज्यावर पडला. खंडणी, फौजेचा खर्च आणि सावकारांचे देणे हे सारे अखेरीस शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच वसूल होत असे. त्यातच सरकारी कामासाठी धान्य आणि बैल घेतले जात, तेव्हा त्यांचे पैसे मधले दुभाषे आणि कारभारी गिळंकृत करीत. अशा अनुभवांनी सरकारच्या शब्दावरून लोकांचा विश्वास उडाला.

या काळात श्वार्ट्झ यांच्या सचोटीची कीर्ती शत्रूच्या गोटापर्यंत पोहोचली होती. म्हैसूरचा हैदर अली याचे मन जाणून घेण्यासाठी मद्रास सरकारने १७७९ मध्ये त्यांनाच श्रीरंगपट्टणला पाठविले. हैदरने त्यांचे आदराने स्वागत केले आणि निघताना वाटखर्चासाठी रुपयांची थैली दिली. परतल्यावर श्वार्ट्झ यांनी ती सरकारजमा करू पाहिली. सरकारने ती त्यांनीच ठेवावी असे सांगितले, तेव्हा त्यांनी तो पैसा अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी दिला.

त्यांच्या शिष्टाईने युद्ध मात्र टळले नाही. १७८० च्या जुलैमध्ये हैदर प्रचंड सैन्यानिशी कर्नाटकात उतरला. पुढच्या वर्षी त्याच्या घोडदळाने कावेरीच्या खोऱ्यात धुमाकूळ घातला. गुरे हाकून नेली, गावे जाळली, कालव्यांची व बांधांची नासधूस केली. हजारो माणसे व मुले पकडून नेली. राजांच्या ताब्यात तंजावरच्या किल्ल्याबाहेर फारसे काही उरले नाही. आसपासच्या गावांतील असंख्य लोक आश्रयासाठी किल्ल्यात आले आणि आतला साठा झपाट्याने संपू लागला. दररोज सकाळी रस्त्यांच्या कडेला भुकेने मेलेल्यांची प्रेते दिसू लागली. पहाऱ्यावरचे शिपाई अशक्तपणाने कोसळू लागले. श्वार्ट्झ यांनी स्वस्ताईच्या दिवसांत तांदूळ विकत घेऊन ठेवला होता. त्यातून ते उपाशी लोकांना अन्न देत राहिले. पण एका माणसाच्या कोठारावर सारा किल्ला जगणे शक्य नव्हते.

विशेष म्हणजे धान्याचा पूर्ण अभाव नव्हता. खेड्यापाड्यांत अजून पुरेसे भात होते. ते किल्ल्यात आणण्यासाठी बैल नव्हते आणि ज्यांच्याजवळ बैल होते ते पुढे येत नव्हते. वाटेत शत्रूचे घोडेस्वार, आणि जीव धोक्यात घालून धान्य पोहोचविले तरी पैसे मिळण्याची खात्री नाही. मग कोण येणार? राजांचे हुकूम निष्फळ ठरले, कंपनीच्या अधिकाऱ्यांचेही कोणी ऐकेना. अखेर राजांनी एका इंग्रज अधिकाऱ्याजवळ मोकळेपणाने कबूल केले की आपली पत गेली आहे आणि इंग्रजांचीही गेली आहे. आता लोक श्वार्ट्झ यांच्यावर तरी विश्वास ठेवतात का, ते पाहावे. त्यांनी श्वार्ट्झ यांच्याकडे एक कोरा कागद पाठविला. लोकांशी जो करार करावासा वाटेल तो करण्याचा अधिकार त्या कागदाने त्यांना दिला.

श्वार्ट्झ यांनी वेळ दवडला नाही. त्यांनी चहूकडे पत्रे पाठविली. त्यांत दोन वचने होती. जो धान्य आणील त्याचे पैसे श्वार्ट्झ स्वतःच्या हाताने मोजून देतील, आणि एखादा बैल शत्रूच्या हाती लागला तर त्याची भरपाईही देतील. वचने साधी होती, पण शेतकऱ्याची नेमकी भीती त्यांनी ओळखली होती. बैल गेला की शेती गेली, आणि मधल्या माणसाच्या हाती पैसा पडला की तो बुडाला, हे प्रत्येक शेतकरी जाणून होता. एकदोन दिवसांतच हजाराहून अधिक बैल जमले. श्वार्ट्झ यांचे सहकारी धर्मशिक्षक आणि इतर माणसे प्राणांची पर्वा न करता खेड्यांत गेली आणि अल्पावधीत ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तमिळ प्रदेशातील धान्य मोजण्याचे माप होय. किल्ला वाचला. संकट टळल्यावर श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले, वर थोडी भेट दिली आणि सर्वांना घरी पाठविले.

१७८२ मध्ये कर्नल ब्रेथवेट यांची संपूर्ण तुकडी टिपूच्या हाती सापडली आणि किल्ल्यावर पुन्हा तशीच वेळ आली. श्वार्ट्झ यांनी पुन्हा पत्रे लिहिली आणि लोक पुन्हा धान्य घेऊन आले. पहिल्या वेळी दिलेला शब्द पाळला गेला होता, म्हणून दुसऱ्या वेळी त्याला किंमत होती.

त्या धान्याने हजारो रयत वाचली, तशीच कंपनीची फौजही तगली आणि या भागातील तिची सत्ता टिकून राहिली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. श्वार्ट्झ यांचे ध्येय धर्मप्रसाराचे होते. तरीही लोकांनी त्यांच्याकडे पाहिले ते दिलेला शब्द पाळणारा माणूस म्हणून.

१७८४ च्या मंगळूर तहाने युद्ध थांबले, पण रयतेचे हाल थांबले नाहीत. कारभाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून हजारो शेतकरी राज्य सोडून गेले. पेरणीचा हंगाम निघून चालला होता. यापुढे न्याय मिळेल, अशी हमी श्वार्ट्झ यांनी दिली, तेव्हा एका दिवसात सात हजार माणसे परतली आणि शेतीला लागली. युद्धाने मोडलेला मुलूख पुन्हा उभा राहण्यासाठी पहिली गरज होती ती गावात परतलेल्या माणसांची.

१७८७ मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या तुळजाजीराजांनी आपला दहा वर्षांचा दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करण्याची इच्छा व्यक्त केली. पुढे गादीवर आलेल्या अमरसिंहाच्या काळात सरफोजीची आबाळ झाली, तेव्हा श्वार्ट्झ यांनी त्याची बाजू घेतली आणि त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सरफोजीराजे १७९८ च्या जूनमध्ये गादीवर आले. तो दिवस पाहण्यास श्वार्ट्झ उरले नव्हते. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला तंजावर येथे त्यांचे निधन झाले होते.

सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणाऱ्या या विद्याप्रेमी राजाने आपल्या गुरूसाठी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील त्या शिल्पात श्वार्ट्झ अंथरुणावर पडलेले आहेत आणि सरफोजीराजे त्यांचा हात हाती घेऊन उभे आहेत. धान्याने लादलेले बैल हाकत, शत्रूचा पहारा चुकवत किल्ल्यात आलेल्या शेतकऱ्यांचे मात्र कोठे स्मारक नाही. त्यांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. परंतु तंजावरचा किल्ला जगला तो त्यांच्या धान्यावर, आणि ते धान्य सरकारी हुकमाने नव्हे, तर एका माणसाच्या शब्दावर आले होते.

विचार करा आणि लिहा

१. खेड्यांत धान्य असूनही तंजावरच्या किल्ल्यात उपासमार का झाली?
२. श्वार्ट्झ यांनी शेतकऱ्यांना कोणती दोन वचने दिली? ती परिणामकारक का ठरली?
३. ‘संकटकाळात सरकारी हुकमापेक्षा लोकांचा विश्वास अधिक उपयोगी पडतो.’ या विधानावर आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.