गार्सिया दा ओर्ता

गार्सिया दा ओर्ता (अंदाजे इ.स. १५०१ – इ.स. १५६८) हे गोव्यात स्थायिक झालेले पोर्तुगीज वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मोडशी म्हणजेच पटकी (कॉलरा) या रोगाचे युरोपीय वैद्याने भारतात पाहून लिहिलेले पहिले सविस्तर वर्णन त्यांच्या नावावर आहे.

जीवन

त्यांचा जन्म पोर्तुगालमधील कास्तेलो दि व्हिदे येथे, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. सालामांका व आल्काला येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी लिस्बन विद्यापीठात अध्यापन केले. १५३४ साली ते मार्तिम आफोंसो दि सोझा यांचे वैद्य म्हणून गोव्यात आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावरही त्यांनी उपचार केले. पुढे मुंबई बेट त्यांना खंडाने मिळाले. घारापुरी आणि साष्टी बेटावरील (आजची मुंबई उपनगरे) लेण्यांचे वर्णनही त्यांनी केले आहे.

मोडशीचे निदान

१५४३ साली गोव्यात मोडशीची भीषण साथ आली. गव्हर्नर सोझा यांच्या आज्ञेवरून एका मृताचे शवविच्छेदन झाले. त्यात जठर आकसून चामड्यासारखे सुरकुतलेले आढळल्याची नोंद इतिवृत्तकार गाश्पार कोर्रैया यांनी केली आहे. ओर्ता यांचे वर्णन मात्र जिवंत रुग्णाच्या लक्षणांवर आधारलेले आहे: क्षीण नाडी, खोल गेलेले डोळे, थंड घाम, पायांत गोळे, उलट्या व जुलाब. हा रोग मुख्यतः लहान आतड्याचा असून शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने मृत्यू ओढवतो, हे आता सिद्ध झाले आहे. ओर्ता यांनी नोंदवलेली बहुतेक लक्षणे या जलक्षयाचीच आहेत. देशी वैद्य देत असलेल्या मिरी-जिरे घातलेल्या पेजेचीही त्यांनी नोंद घेतली.

ग्रंथ

त्यांचा संवादरूपी औषधिग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात भारतीय औषधींबरोबर चीनहून येणाऱ्या चोपचिनीचाही विचार आहे. ग्रीक व अरबी ग्रंथकारांचे मत प्रत्यक्ष अनुभवाशी जुळत नसेल, तर ते अनुभवालाच प्रमाण मानतात. क्लूसियस यांनी १५६७ साली केलेल्या लॅटिन संक्षेपामुळे हा ग्रंथ युरोपभर पोहोचला.

मृत्यूनंतर

१५६९ साली इन्क्विझिशनने त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. त्याच आरोपावरून १५८० साली ओर्ता यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. पणजीतील एका उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे.