सहा महिन्यांच्या गोळ्या आणि कल्याणच्या आनंदीबाई

हा लेख म्हणजे थोडी माहिती आहे आणि थोडी कबुली.

सेकंड इयरची गोष्ट. आमच्या रूममधल्या एकीला खोकला सुरू झाला. सबमिशनच्या गडबडीत तीन आठवडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी थुंकी तपासली आणि टीबी निघाला. बातमी तासाभरात सगळ्या विंगमध्ये पसरली. मेसमध्ये तिचं ताट वेगळं ठेवलं गेलं. आणि मी? त्या रात्री गादी उचलून शेजारच्या रूममध्ये गेले. अभ्यासाचं कारण सांगितलं. तिला ते पटलं नाही, हे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती डोंबिवलीला मावशीकडे राहायला गेली.

महिन्याभरानं नोट्स द्यायच्या निमित्तानं मी तिच्याकडे गेले. चहा देता देता मावशींनी सहज विचारलं, कल्याणच्या आनंदीबाई कशानं गेल्या, माहीत आहे का? मला त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या एवढंच माहीत होतं, तेही शाळेतल्या धड्यापुरतं. रोज कल्याण स्टेशनवरून जाणारी मी, पण याच गावात त्यांचं लहानपण गेलं हेही ठाऊक नव्हतं! परत आल्यावर लायब्ररीत बसून वाचलं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. घराणं कल्याणच्या जोश्यांचं, एकेकाळचं जमीनदार, पण तोवर परिस्थिती उतरलेली. कल्याणला आगगाडी १८५४ मध्येच आली होती, पण मुलींच्या शिक्षणाची गाडी काही आली नव्हती. नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. पण हट्ट कसला! अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली तर मारही खावा लागे. हा माणूस पुरोगामी की जुलमी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधोपचार मिळाले नाहीत. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, पुरुष डॉक्टरकडे जायचा संकोच, ही तेव्हाची घरोघरची रीत. आपणच डॉक्टर व्हायचं, हा निश्चय तिथून पक्का झाला.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. मदतीसाठी त्यांनी अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते वाचलं आणि हजारो मैलांवरच्या या मुलीला पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई त्यांना मावशीच म्हणू लागल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात जमलेल्या लोकांसमोर उभं राहून त्यांनी आपण का जातो हे समजावून सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असा शब्द दिला. वय अठराही पूर्ण नाही! एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. नवरा सोबत नव्हता.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. तिथली थंडी, अंगावर नऊवारी, शाकाहारी जेवणाचे हाल. तब्येत खालावत गेली आणि टीबीनं गाठलं. तरीही ११ मार्च १८८६ ला त्या एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डची प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. पण त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळूनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षं पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. कार्पेंटरबाईंनी त्यांच्या अस्थी न्यूयॉर्कजवळच्या पकिप्सी इथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या.

आता एक तारीख बघा. २४ मार्च १८८२. त्या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे आनंदीबाई बोटीत बसायच्या वर्षभर आधी शत्रूचं नाव कळलेलं होतं. पण मारायचं कशानं? स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. मधली एकसष्ट वर्षं डॉक्टर नुसते बघत राहिले. आनंदीबाई त्याच वर्षांत गेल्या.

हे वाचून मी थर्ड इयरच्या सेमिनारचा विषय बदलला. नवा विषय: जंतूंविरुद्ध छोटे आरएनए. कारण आपण पुन्हा तशाच मधल्या काळात सापडतोय की काय, अशी भीती वाटली. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी असे टीबीचे रुग्ण जगापुढे आणले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्यानंतर बेडाक्विलिनसारखी नवी औषधं आली, पण जंतू त्यांनाही दाद देईनासे होतात.

छोट्या आरएनएची कल्पना सोपी आहे. जंतूच्या डीएनएमधला हुकूम एका आरएनएच्या पट्टीवर उतरतो आणि ती पट्टी वाचून प्रोटीन बनतं. त्या पट्टीतल्या अक्षरांना बरोबर जुळणारी उलटी छोटी पट्टी आत सोडली तर ती जाऊन चिकटते. वाचन बंद, प्रोटीन बंद. जंतू स्वतःही हीच युक्ती वापरतात. ई-कोलायमध्ये असा आरएनए १९८४ मध्येच दिसला होता. जंतूनं जीन बदलला तर आपणही पट्टीची अक्षरं बदलू शकतो, हा मोठा फायदा. ज्या आरएनए-इंटरफरन्सला २००६ चं नोबेल मिळालं ती यंत्रणा मात्र जंतूंकडे नसते, त्यामुळे ते तंत्र जसंच्या तसं इथे चालत नाही.

मग औषध का नाही? कारण आरएनए रक्तात लगेच तुटतो. म्हणून प्रयोगशाळेत पीएनएसारख्या टिकाऊ नकला बनवतात, दहा-बारा अक्षरांच्या. पण त्या आत कशा शिरणार? टीबीच्या जंतूची भिंत मेणचट, मायकोलिक अॅसिडची. वर तो आपल्याच पांढऱ्या पेशींत लपून बसतो. ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, हा मात्र जवळजवळ वीस तास घेतो. म्हणून तर गोळ्या सहा-सहा महिने खाव्या लागतात. आजवर या पद्धतीचं जंतूंवरचं एकही औषध दुकानात आलेलं नाही. अडलंय ते पोचवण्यावर. आणि पोचवणं हे काम डॉक्टरांइतकंच केमिकल, पॉलिमर आणि नॅनोवाल्यांचं, म्हणजे आपलं आहे, बरं का!

व्हायव्हात सरांनी विचारलं, हा विषय का घेतला? मी आनंदीबाईंचं नाव सांगितलं. गादीचं सांगायचं धाडस झालं नाही. ते आज इथे लिहितेय.

माझी मैत्रीण सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून ठणठणीत बरी झाली. एकही दिवस गोळी चुकवली नाही. आनंदीबाईंना जे मिळालं नाही ते तिला महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळालं. टीबी ताटावाटीतून पसरत नाही, आणि नेहमीच्या टीबीत औषध सुरू झालं की साधारण दोन-तीन आठवड्यांत लागण होण्याची भीती बरीच कमी होते, हे मला फार उशिरा कळलं. डोंबिवलीला मी गेले, तेव्हा ती भीती बरीचशी सरलीही होती.

तेव्हा तुमच्या विंगमध्ये कुणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर त्याला सोबत घेऊन थुंकी तपासायला जा. गोळ्या मधेच सोडू देऊ नका. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून जंतू औषधाला निर्ढावतात. आणि गादी उचलायच्या आधी त्याच्याशी एकदा बोला.

मी माझी गादी परत आणली. तिनं काही न बोलता आपलं कपाट सरकवून मला जागा करून दिली.