मार्टिन लूथर : झाड व त्याचें फळ

मार्टिन लूथर ह्याचा जन्म इ. स. १४८३ च्या नोव्हेंबरच्या १० व्या तारखेस जर्मनींतील आइसलेबेन गांवीं झाला. मठांत राहून त्यानें उपास व जागरणें ह्यांनीं देवाला संतुष्ट करूं पाहिलें. परंतु मनास शांति लाभली नाहीं. पुढें पौलाचीं पत्रें अभ्यासितांना त्यास उमगलें कीं, मनुष्य कर्मांनीं नव्हे तर विश्वासानें नीतिमान ठरतो.

इ. स. १५२१ सालीं वर्म्स शहरीं बादशहापुढें त्यानें आपलीं मतें मागें घेण्याचें नाकारिलें. तेव्हां जिवास धोका म्हणून सॅक्सनीच्या अधिपतीनें त्यास वार्टबुर्ग किल्ल्यांत लपविलें. तेथें त्यानें सुमारें ११ आठवड्यांत नवा करार जर्मन भाषेंत उतरविला. तो १५२२ च्या सप्टेंबरांत छापून निघाला.

मत्तयाच्या १२ व्या अध्यायांत प्रभु झाड व फळ ह्यांवरून शिकवितो आणि लगेच अंतःकरणाच्या विपुलतेविषयीं बोलतो. शब्दास शब्द ठेविला तर घरच्या बाईस कांहींच कळणार नाहीं, हें जाणून लूथरनें मन ज्यानें भरलें तें तोंडावाटें ओसंडतें, अशा घरगुती वळणानें तो अर्थ मांडिला.

रोमकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायांत, विश्वासाविषयीं भाषांतर करितांना, त्यानें केवळ हा शब्द घातला. मूळ ग्रीकांत तो नाहीं. ह्यानें लोक सत्कर्में सोडतील, अशी ओरड झाली. १५३० सालीं त्यानें उत्तर दिलें कीं, आमच्या भाषेची रीतच तो शब्द मागते व पौलाचा अर्थही तोच आहे. सत्कर्में टाका, असें त्यानें कधींच शिकविलें नाहीं. फळें झाडास चांगलें करीत नाहींत, चांगलें झाडच चांगलीं फळें देतें, हें त्यानें १५२० सालींच लिहिलें होतें.

तथापि उपमा योजण्यांत तोही चुकला. १५२२ सालीं त्यानें याकोबाच्या पत्रास गवताच्या काडीची उपमा दिली. पुढील आवृत्त्यांतून तें कठोर वाक्य गळालें. संपूर्ण पवित्र शास्त्र १५३४ सालीं निघालें. १५४६ च्या फेब्रुवारीच्या १८ व्या तारखेस आइसलेबेन येथेंच तो निवर्तला.

प्रिय बंधुभगिनींनो, बाभळीस आंबे बांधिल्यानें ती आंबा होत नाहीं. आणि जिवंत आंबा फळावांचून राहत नाहीं. उपदेशक बंधूंस आमची विनंति कीं, हें सांगतांना पुस्तकी शब्दांवर विसंबूं नये. जात्यावर बसलेल्या बाईस समजेल असेंच बोलावें. नाहीं तर आपल्या शब्दांमुळेंच कोणी कर्मांचा गर्व करील, अथवा कर्में सोडून देईल.