मुलांचे कैवारी लॉर्ड शाफ्ट्सबरी

मी तुम्हाला लॉर्ड शाफ्ट्सबरी यांची माहिती सांगतो. ही गोष्ट आम्हाला गुरुजींनी सांगितली.

त्यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे नाव अँथनी होते. घराणे मोठ्या जहागीरदाराचे. ते थोरले, म्हणून जहागीर पुढे त्यांनाच मिळणार होती. पण आईवडील त्यांना जवळ घेत नसत. घर सांभाळणारी मारिया मिलिस तेवढी माया करायची. ते लहान असतानाच ती वारली. तिने आपले घड्याळ त्यांना ठेवले. ते त्यांनी जन्मभर वापरले.

हॅरोच्या शाळेत असताना त्यांनी एका गरिबाची प्रेतयात्रा पाहिली. पेटी उचलणारे दारू प्यायलेले होते. त्यांनी पेटी खाली पाडली. तेव्हाच त्यांनी ठरवले, आपण गरिबांसाठी काम करायचे.

१८२६ साली ते पार्लमेंटात निवडून गेले. तेव्हा इंग्लंडात गरिबांची पोरे कोळशाच्या खाणीत कामाला जात. बारकी मुले अंधारात एकटीच दारापाशी बसत. गाडी आली की दार उघडायचे, गेली की लावायचे. दिवसभर तेच. आमच्याकडे लाईट गेली तर मी आईजवळ जाऊन बसतो. मुली कमरेला साखळी बांधून गाड्या ओढत.

त्यांनी हे पार्लमेंटात सांगितले. १८४२ साली कायदा झाला. बायका, मुली व दहा वर्षांखालील मुले यांना खाणीत उतरवायचे नाही असे ठरले. मी बोटावर वय मोजून पाहिले. मला दहा पुरी झाली आहेत. म्हणजे मला तरीपण जावे लागले असते. माझी बहीण मात्र सुटली असती.

शेतमजुरांचे हाल ते सभेत बोलले, तेव्हा त्यांचे वडील लई चिडले. कारण त्यांच्या जहागिरीतले मजूरही गरीबच होते. १८५१ साली वडील वारले. जहागीर हाती येताच त्यांनी मजुरांसाठी चांगली घरे बांधायला घेतली.

धुराडी साफ करायला लहान मुलांना आत चढवत. कायदा होता, पण कोणी पाळत नसे. १८७५ साली कडक कायदा झाला. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. गरीब मुलांच्या फुकट शाळांचेही ते अध्यक्ष होते.

१ ऑक्टोबर १८८५ रोजी ते वारले. तेव्हा लंडनचे गरीब लोक रस्त्यावर उभे राहून रडले.

मला कधी कधी शाळेत यायचा कंटाळा येतो. आता मी खाडा करणार नाही.