उस्ताद अल्लादिया खाँ

उस्ताद अल्लादिया खाँ (जन्म : १० ऑगस्ट १८५५, उनियारा, राजस्थान, मृत्यू : १६ मार्च १९४६, मुंबई) हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील थोर गायक आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक होत. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला. तो परतला तेव्हा पूर्वीसारखा राहिला नव्हता. या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली.

== शिक्षण ==
खाँसाहेबांचे घराणे मूळचे अलीगढजवळील अत्रौलीचे व धृपद गायकांचे. वडील ख्वाजा अहमद खाँ लवकर निवर्तल्यामुळे त्यांची तालीम काका जहांगीर खाँ यांच्याकडे झाली. आधी धृपद-धमार व नंतर ख्याल, अशी ही तालीम अनेक वर्षे चालली. जयपूरमध्ये त्यांनी मुबारक अली खाँ यांचे गाणे ऐकले. त्यांच्या अवघड, वळणदार तानांचा तरुण अल्लादियांवर खोल ठसा उमटला. पुढील घटनांच्या दृष्टीने हा संस्कार महत्त्वाचा आहे.

== आवाजाचा आघात ==
शिक्षणानंतर खाँसाहेब निरनिराळ्या संस्थानांत गात असत. माळव्यातील आमलेटा या लहानशा संस्थानात असताना तेथील संगीतवेड्या अधिपतींपुढे त्यांना वारंवार आणि दीर्घकाळ गावे लागे. कौतुकाचा हा अतिरेक गळ्याला सोसला नाही व आवाज बसला. अतिश्रमाने स्वररज्जूंना सूज येते आणि विश्रांती न मिळाल्यास ती इजा कायमची होऊ शकते, हे आज सर्वज्ञात आहे. दरबारी गवयाला मात्र नकार देण्याची सोय नसे. वादकाचे वाद्य मोडले तर दुसरे आणता येते. गायकाला तो पर्याय नाही.

काही काळाने आवाज परतला, परंतु पूर्वीची लवचीकता आणि गोडवा परतला नाही. खाँसाहेबांनी जुन्या आवाजाची नक्कल करण्याचा हट्ट धरला नाही. आवाजाच्या मोहिनीपेक्षा लय, राग आणि स्वरांची गुंफण यांवर त्यांनी भर दिला. मोकळा आकार, तालाच्या मात्रामात्रेशी बांधलेली बढत, सरळ न जाता स्वरांची वळणे घेत पुढे सरकणारी तान आणि सहजपणे गाठलेली सम ही या गायकीची लक्षणे होत. अनवट व जोडरागांवरील प्रभुत्व हेही तिचे वैशिष्ट्य आहे.

ही गायकी केवळ व्यंगातून जन्मली, असे म्हणणे एकांगी ठरेल. धृपदाची लयदृष्टी आणि मुबारक अलींचा संस्कार आधीपासून होताच. आवाज शाबूत असता, तर या सामग्रीची अशी मांडणी करण्याची निकड मात्र कदाचित भासली नसती.

== कोल्हापूर आणि मुंबई ==
१८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर ते मुंबईस स्थायिक झाले. भास्करबुवा बखले यांनी अन्य गुरूंबरोबर त्यांच्याकडेही तालीम घेतली. केसरबाई केरकर १९२१ पासून त्यांच्याकडे शिकू लागल्या. मोगूबाई कुर्डीकर यांची भेट योगायोगाने झाली. औषधोपचारासाठी सांगलीत असताना जवळच रियाज करणाऱ्या मोगूबाईंचा आवाज त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी स्वतःहून शिकवण्यास आरंभ केला. या तालमी दीर्घ व कठोर असत.

मंजी खाँ आणि भुर्जी खाँ हे त्यांचे पुत्रही नामवंत गायक होते. १९३७ मध्ये मंजी खाँ निवर्तले. वृद्ध पित्याच्या वाट्याला आलेला हा दुसरा मोठा आघात होय. मंजी खाँ यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांना पुढे भुर्जी खाँ यांनी शिकवले.

== वारसा ==
अल्लादिया खाँ यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे त्यांचा आवाज आघातापूर्वी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे प्रत्यक्ष ऐकून ताडता येत नाही. गोविंदराव टेंबे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. स्वतः खाँसाहेबांनी उतारवयात नातू अझीझुद्दीन खाँ यांना आपल्या आठवणी सांगितल्या व त्या लिहून ठेवण्यात आल्या. गायकी मात्र शिष्यांच्या गळ्यातूनच पुढे गेली. मोगूबाईंकडून ती त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्याकडे आली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात धाडलेल्या ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंनी गायिलेल्या भैरवीचा समावेश आहे.