हातांना कसब देणारे संत : डॉन बॉस्को



३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण. मुलांच्या घोळक्यात उभे असलेले, काळा झगा घातलेले हसतमुख धर्मगुरू हे त्यांचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. त्यांच्या नावाने जगभर तंत्रशाळा चालतात हेही आपण जाणतो. त्या शाळांचा उगम कसा झाला, ते आज पाहू या.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, बेक्की ह्या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील वारले. आई मार्गारेटने तीन मुले आणि म्हातारी सासू ह्यांचा भार एकटीने उचलला. सावत्र भाऊ अँथनीला जॉनच्या हातात पुस्तक दिसले की राग येई. घरातली धुसफूस टाळण्यासाठी आईने बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर काम शोधायला पाठवले आणि तो दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहिला. पुढे शाळा शिकत असताना तो शिंप्याकडे शिवण शिकला, लोहाराच्या भट्टीवर राबला, कॉफीच्या दुकानातही त्याने काम केले. पोटासाठी आणि शिक्षणासाठी केलेल्या ह्या धडपडीतूनच देव त्याची तयारी करून घेत होता. ५ जून १८४१ रोजी जॉनला गुरुदीक्षा मिळाली.

तुरिन शहर त्या काळी झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत, धुराडी साफ करीत आणि मिळेल तिथे झोपत. फादर कफासो ह्यांच्याबरोबर तुरुंगात जाऊ लागल्यावर डॉन बॉस्को ह्यांच्या लक्षात आले की, सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत येतात. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, मिस्सासेवा येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने एका मुलाला मारून हाकलले. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला परत बोलावून घेतले. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा तो अनाथ मुलगा गवंडीकाम करीत असे. त्याच्यापासून रविवारची धर्मशिक्षणाची आणि खेळाची सभा सुरू झाली. गोंगाटामुळे तिला अनेक जागांवरून निघावे लागले. अखेर १८४६ च्या ईस्टरला व्हाल्डोको भागात एक शेड मिळाली. छत इतके खाली होते की, उंची वाढवण्यासाठी जमीन खणावी लागली. त्याच वर्षी मार्गारेट आपले खेडे सोडून मुलाच्या मदतीला आली आणि त्या बेघर पोरांची आई झाली.

परंतु रविवार आठवड्यातून एकदाच येतो. उरलेले सहा दिवस मुले मालकांच्या ताब्यात असत. डॉन बॉस्को बांधकामावर, दुकानांत जाऊन त्यांना भेटत. मारहाण, शिवीगाळ, कसब शिकवायच्या नावाखाली घरगडी म्हणून राबवून घेणे, हे सर्व त्यांनी पाहिले. नुसती दया करून हे थांबणार नव्हते. म्हणून त्यांनी मालकांशी लेखी करार करायला सुरुवात केली. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी जुझेप्पे ओदासो ह्या सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी केलेला करार प्रसिद्ध आहे. चूक झाली तर तोंडी समज द्यावी, हात उगारू नये. धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत. रविवारी व सणाला सुट्टी द्यावी. मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवावी, अशा अटी मालकावर होत्या. मुलाने आज्ञाधारक राहून मन लावून शिकावे हेही त्यात होते. मुलाच्या वर्तनाची हमी स्वतः डॉन बॉस्को ह्यांनी घेतली.

करार झाले तरी शहरातल्या दुकानांतील वातावरण मुलांना बिघडवीतच होते. तेव्हा त्यांनी स्वतःच्या कार्यशाळा काढल्या. १८५३ मध्ये चांभारकाम आणि शिवणकाम, १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम आणि १८६२ पर्यंत छापखाना व लोहारकाम. एक विभाग उभा राहिला की दुसरा, अशी ही वाढ झाली. १८५९ मध्ये त्यांनी सालेशियन संघ स्थापन केला. संघातील अनेक ब्रदर ह्या कार्यशाळांचे उस्ताद झाले. १८८४ च्या तुरिन प्रदर्शनात त्यांच्या मुलांनी कागद तयार करण्यापासून बांधलेल्या पुस्तकापर्यंतचे सर्व काम लोकांसमोर करून दाखवले. जी मुले एकेकाळी रस्त्यावर ओवाळून टाकलेली समजली जात, त्यांचे कसब पाहायला शहर लोटले. १८८६ मध्ये संघाने ह्या शिक्षणाची दिशा ठरवली. कारागीर मुलाला श्रद्धा, सामान्य शिक्षण आणि हातातला धंदा ही तिन्ही मिळाली पाहिजेत, असे ठरले. ३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभूकडे गेले. १९३४ च्या ईस्टरला पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संतपद जाहीर केले.

सालेशियन धर्मगुरू १९०६ मध्ये तंजावरला आले. मुंबईत कुर्ल्याला त्यांची तंत्रशिक्षण संस्था आहे.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांनी चिंतनाला वरचे स्थान दिले आणि हातांच्या श्रमाला खालचे. ती पायरी अजून आपल्या मनातून गेलेली नाही. दहावीचा निकाल लागल्यावर आयटीआयला जाणाऱ्या मुलाबद्दल घरात हळू आवाजात बोलले जाते. पदवी घेऊन घरी बसलेल्याची ओळख मात्र अभिमानाने करून दिली जाते. नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूची आपण उपासना करतो, हे अशा वेळी आठवायला हवे. आपल्या धर्मग्रामातील फिटर, वायरमन, वेल्डर, सुतार ह्यांनी एकेका मुलाला हाताखाली घेऊन न मारता, न राबवता, मन लावून शिकवले, तर डॉन बॉस्को ह्यांचा सण खऱ्या अर्थाने साजरा होईल. आणि ज्या पालकांची मुले हाताने काम करतात, त्यांनी ताठ मानेने चर्चमध्ये यावे.